नऊची गोळी

माझी लेक स्नेहल कोल्हापुरात डॉक्टर आहे, हे मी एसटीत शेजारी बसलेल्याला हुपरी सुटायच्या आत सांगतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

दोन वर्षं ती सांधे सुजणाऱ्या साठ रुग्णांवर एक प्रयोग करत होती. अंधार पडला की आपल्या मेंदूत मेलाटोनिन तयार होतं, त्यानं झोप लागते. तेच सूजही उतरवतं का, हे तिला पाहायचं होतं. नेहमीची औषधं चालूच, वर रात्री नऊला एक गोळी आणि घरच्या तक्त्यावर तशी खूण. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती पांढरी. निकाल झकास लागला. खऱ्या गोळीवाल्यांची सूज जास्त उतरली होती. शनिवारी कोल्हापुरात डॉक्टरांच्या परिषदेत ती तो मांडणार होती, उत्तम प्रयोगाला बक्षीसही होतं. मी नवा सदरा इस्त्रीला टाकला.

गुरुवारी ती घरी आली, तेव्हा माझ्या चांदीच्या कारखान्यात राजमतीकाकू पैंजणांना घुंगरू जोडत बसल्या होत्या. त्याही त्या साठांतल्याच. स्नेहलनं त्यांची बोटं दाबून पाहिली आणि सहज विचारलं, "काकू, रात्री गोळी पाण्याबरोबरच घेत होता ना?"

"रात्री पाणी? चाळीस वर्सं दिवस मावळल्यावर थेंब घेतला न्हाय मी! गोळी सांजच्या जेवणाबरोबर, उजेडातच."

"मग तक्त्यावर नऊची खूण?"

"तूच नऊला कर म्हटलीस की. रोज जागून करत होते."

स्नेहलनं रुग्णांची यादी काढली. मग फोन लावत सुटली. आम्हा जैनांतल्या आणखी सात रुग्णांनी तसंच केलं होतं. हे आठ वगळले, तर ठामपणे काहीच म्हणता येईना. "गप्प बस, कोण विचारतंय?" असं मीच म्हणालो. आता लाज वाटते.

शनिवारी तिनं मंचावर सगळं सांगितलं. समोरून एका डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे चूक रुग्णांची?"

"माझी," ती म्हणाली. "आमच्या घरी दिवस मावळला की माठावर झाकण पडतं. मी त्याच घरातली, आणि विचारलं नाही."

बक्षीस दुसऱ्याला गेलं. माझी छाती मात्र नव्या सदऱ्यात मावेना. माझ्याबरोबर आलेल्या राजमतीकाकू शेजारच्या खुर्चीतून उभ्या राहून ओरडल्या, "पोरी, पुन्यांदा कर की! आमी आठीजण येतो. पर या खेपंला आमाला आधी इचार!"

परतीच्या एसटीत शेजाऱ्याला मी लेकीची चूकच आधी सांगितली.