डावीकडे वळलेलं हँडल

जिन्याखाली एक मोटरसायकल होती, दोन सायकली, एक मोडका पंखा, रंगाचे चार रिकामे डबे आणि माणसाला उभं राहायला उरलेली अडीच फूट जागा. मोटरसायकलचं हँडल पूर्ण डावीकडे वळवल्याशिवाय ती तिथे मावतच नसे. त्या अडीच फुटांत सकाळी सव्वापाचला मावशी किक मारत होती, आणि तिसऱ्या पायरीवर बसून भाची किक मोजत होती.

"अठ्ठावीस."

"मोजू नकोस गं बाई! मोजलं की जास्त दमायला होतं."

चौतिसाव्या किकला इंजिन एकदाचं खोकलं आणि चालू झालं. मावशी घामाघूम होऊन निघाली.

मावशी डायलिसिस विभागात नर्स होती. सहाच्या ठोक्याला पहिले चार पेशंट मशीनला लागत. या महिन्यात तिला दोनदा उशीर झाला होता, आणि हेड नर्सने स्पष्टच सांगितलं होतं, आणखी एकदा झाला की सकाळची पाळी दुसरीला. त्या चौघांना मावशी आठ वर्षं सांभाळत होती. कोणाची शीर कुठे दडून बसते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. नवीन माणूस आला की त्यांच्या हातांची चाळणी होणार, याचीच तिला धास्ती.

उपाय करून सगळ्यांनी हात टेकले होते. प्लग नवा, बॅटरी नवी, कार्बोरेटर साफ. गॅरेजात गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी वागायची. मेकॅनिकने ती एक रात्र ठेवून घेतली, तर थंडगार पहाटेही दुसऱ्या किकला सुरू.

"सिस्टर, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला होता. "ऑइल तुमच्या गुडघ्याला पाहिजे."

भाची नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मावशीकडे राहायला आली होती. तिने वहीत सात सकाळींचे आकडे मांडले आणि शनिवारी जाहीर करून टाकलं, "गाडी उद्या दुरुस्त होईल. फक्त मेकॅनिककाकांना इथे बोलाव. गाडी तिकडे न्यायची नाही."

"पुस्तकातून गाड्या चालू होतात का गं शहाणे?"

"पुस्तकातून नाही. मोजून."

रविवारी मावशीला सुट्टी होती. मेकॅनिक सकाळीच आला, तो जरा तोऱ्यातच. "बघा सायंटिस्टबाई, किक कशी मारतात ते." त्याने चोक ओढला आणि किक मारली. मग आणखी एक. मग स्वेटर काढला. विसाव्या किकनंतर तो सायकलीला टेकून धापा टाकू लागला.

"ऑइल आणू का?" मावशीने विचारलं. "गुडघ्याला?"

भाचीने हसू दाबून प्लग काढला. कोरडा ठक्क. पेट्रोलचा वाससुद्धा नाही.

"म्हणजे पाय निर्दोष," ती म्हणाली. "थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते चोकमधून येतं. इथे येत नाहीये."

"चोक मी स्वतः तपासलाय!" मेकॅनिक उसळला.

"कुठे?"

"गॅरेजात."

"तीच गाडी, तेच पेट्रोल, तशीच थंडी. मग गॅरेजात आणि इथे फरक काय?"

मेकॅनिकने जिन्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि त्याची नजर हँडलवर थांबली. "तिकडे हँडल सरळ असतं," तो सावकाश म्हणाला.

पुढचं काम त्यानेच केलं. कार्बोरेटरवरचा नट सोडवून त्याने जास्तीच्या पेट्रोलची वाट उघडणारा चोकचा छोटा दट्ट्या केबलसकट बाहेर काढला. तिघांनी मिळून गाडी अंगणात नेली. हँडल सरळ ठेवून त्याने चोकची दांडी ओढली, भाचीने मोजपट्टी लावली. दट्ट्या नऊ मिलिमीटर उचलला गेला. मग हँडल डावीकडे. दोन मिलिमीटर.

"दांडी घट्ट झालीय, हे मला कळत होतं," मावशी म्हणाली. "मला वाटलं, थंडीने."

मेकॅनिकने केबलवरून बोट फिरवत नेलं. हँडलच्या खाली सगळ्या केबली एकत्र करून पांढऱ्या चिकटपट्टीने बांधल्या होत्या. तीन वेढे, कडा कात्रीने कापलेल्या, एकही सुरकुती नाही. हँडल वळलं की चोकची केबल तिथेच दुमडत होती.

"हे माझं काम नव्हे," मेकॅनिकने आधीच हात वर केले. "एवढं नेटकं मला जमतच नाही."

मावशी वाकून ते वेढे बघू लागली. "माझं आहे. सर्व्हिसिंगहून आली तेव्हा केबली लोंबत होत्या. आमच्या विभागात एकही नळी लोंबती ठेवत नाहीत. हात आपोआप गेला."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मेकॅनिक म्हणाला. "आणि मी तुमचा कार्बोरेटर दोनदा धुतला!"

"कळसा तुम्हालाही दिसला नव्हता," भाची म्हणाली. "मावशी, कात्री आण."

चिकटपट्टी कापली. केबलला मोठा, सैल बाक दिला. दट्ट्या पुन्हा मोजला, हँडल सरळ असताना नऊ आणि डावीकडे असतानाही नऊ. मेकॅनिकने मोजपट्टी हातात घेऊन स्वतः एकदा मोजलं, मग दट्ट्या जागेवर बसवला. संध्याकाळी गाडी पुन्हा जिन्याखाली गेली.

सोमवारी पहाटे तिथलं तापमान सहा अंश होतं. हँडल डावीकडे, चोक पूर्ण ओढलेला. गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. विभागाच्या हजेरी यंत्रात मावशीच्या बोटाची नोंद पाच वाजून चव्वेचाळीस मिनिटांची आहे.