क्रम बदलू नका

खोबऱ्याच्या किसाचा एक कण एन्टरच्या बटणाखाली जाऊन बसला होता... सकाळच्या चहाला कुणीतरी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणले होते, त्यातलाच असणार... आणि लीथ तो कागदाच्या टोकानं काढत बसली होती, कारण तो निघेपर्यंत बटण दाबावं लागणार नव्हतं. बटण दाबलं की सिओनेचा निरोप उघडणार. पहिली ओळ न उघडताच दिसत होती: ‘उत्तर जुळत नाहीये. सवडीनं खाली ये.’ सवडीनं म्हणे. डॉक्टर जेव्हा सवडीनं या म्हणतात तेव्हा माणसानं रिक्षा करून पळत जावं असं असतं, एवढं तिला या वयात कळत होतं.

जुळत नाहीये, म्हणजे कुणाचं कुणाशी? सिओनेचं नवं उत्तर आपल्या जुन्या उत्तराशी. म्हणजे चुकलं असेल तर सिओनेचं. तिनं हे स्वतःला दोनदा सांगितलं.

मदत तिनं स्वतःच मागितली होती. चक्रीवादळात समुद्र किती आत येतो ते सांगणारा तिचा प्रोग्राम जुना, जुन्या भाषेतला. तिचा जुना सहकारी केव्हर्न, त्यानं सुरू केलेला आणि केव्हर्न गेल्यावर तिनं एकटीनं सांभाळलेला. तो ज्या महासंगणकावर चालायचा तो वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत कायमचा बंद होणार होता, आणि नव्या यंत्रात सगळी भिस्त जीपीयूंवर, हजारो बारक्या गणित्यांवर. जुना प्रोग्राम तिथं आहे तसा चालवला तर एक गणिती राबणार आणि बाकीचे हातावर हात धरून बसणार. म्हणून महासंगणक केंद्रानं तज्ज्ञ दिला. सिओने वाइपुलु, मूळचा टोंगाचा, वाढलेला इथंच पर्थमध्ये, दारातून वाकून येणारा उंच माणूस, आणि आवाज मात्र आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा हळू. पहिल्या दिवशी त्यानं कोडला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची उलटी फिरवून बसला आणि म्हणाला, तू मला एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखव आणि ती तिथं का आहे ते सांग. त्याची पद्धतच ती. आणि लीथनं सांगितलं... बऱ्याच ओळींचं सांगितलं... आणि जिथं सांगता येईना तिथं ती म्हणाली, ‘हे केव्हर्नचं आहे.’ देवघरातल्या टाकाकडे बोट दाखवून हे आजेसासऱ्यांचं आहे म्हणावं, तसं. सिओनेनं नुसतं पुढची ओळ वाच म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तिला झोप धड नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिनं मूठ स्वतःच उघडून टेबलावर ठेवली होती.

फोन थरथरला. तिच्या भावानं, मेरिकनं फोटो पाठवला होता. वर उत्तरेला, पोर्ट अ‍ॅन्स्टीत, त्याच्या परसातली लाल माती, चार खुंट्या, त्यांना ताणलेली दोरी. खाली लिहिलं होतं: ‘आईची खोली. सोमवारी काँक्रीट. तुझ्या रेघेच्या चांगली वर आहे, काळजी नसावी!’

तुझ्या रेघेच्या. अ‍ॅन्स्टीत ती रेघ सगळ्यांना माहीत होती. लीथच्या प्रोग्रामनं काढलेली, नगरपालिकेच्या नकाशावर निळी: मोठ्यात मोठ्या वादळात पाणी इथवर येईल, याच्या खाली घर बांधू नये. नकाशावर तिला लांबलचक नाव होतं, पण गावात सगळे ‘लीथची रेघ’च म्हणत. मेरिकनं कोळंबीची बोट विकली आणि रेघेच्या वरच्या अंगाला जागा घेतली तेव्हा पबमध्ये त्याचे मित्र म्हणाले होते, समुद्राला याच्या बहिणीनं दम दिलाय, तो काय येतोय वर! त्या रात्री मेरिकनं सगळ्यांना बिअर पाजली. लीथ लाजली होती, पण तिला ते आवडलं होतं. फार आवडलं होतं, हे आता कबूल करायला काय हरकत आहे.

तिनं फोटोला अंगठा पाठवला आणि ती खाली गेली.

सिओनेनं तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती. पडद्यावर सरावाची छोटी खाडी होती, चौकोनांत कापलेली. प्रत्येक चौकोनात पाण्याची उंची. तो सांगू लागला. गेल्या आठवड्यात त्यानं हे पाणी पुढं सरकवणारा भाग जीपीयूवर नेला तर एकच गणित तीनदा केल्यावर तीन वेगळी उत्तरं आली. म्हणजे नवं यंत्रच बिघडलंय, ही केवढी सोयीची गोष्ट! ती जवळजवळ हसलीच. मग यंत्राचाच दोष, ती म्हणाली. सिओनेनं मान हलवली, पण ती हो म्हणणारी नव्हती.

“कोणत्या तरी वर्गात परीक्षा चालू आहे असं समज,” तो म्हणाला. “प्रत्येक पोरगं शेजाऱ्याच्या पाटीत बघून आपलं उत्तर लिहितंय. तुझ्या जुन्या प्रोग्राममध्ये पोरं रांगेनं लिहितात. पहिल्यानं जुनं पुसून नवं लिहिलं, मग दुसऱ्यानं त्याचं नवं बघितलं. इथं सगळी एकदम लिहितात. शेजाऱ्यानं पुसलंय की नाही, ज्याचं त्याचं नशीब.”

“आणि त्यांनी बघायचं काय असतं? जुनं की नवं?”

विचारलं आणि तिला वाटलं, हा प्रश्न आपण विचारायला नको होता, कारण याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. समीकरणात ते स्वच्छ लिहिलेलं असतं. सगळ्यांनी मागच्या क्षणाचं पाणी धरायचं. विद्यापीठात वर्षानुवर्षं पोरांना तिनंच फळ्यावर लिहून दाखवलं होतं, खडू मोडेपर्यंत अधोरेखित करून...

“जुनं,” सिओने म्हणाला. “म्हणून मी जुन्याची एक प्रत बाजूला ठेवली. सगळे त्या प्रतीत बघतात. आता कितीदाही चालव, उत्तर एकच येतं. फक्त ते तुझं नाही.”

त्यानं ती जागा उघडली. एकेक चौकोन ओळीनं मोजत जाणारा केव्हर्नचा तो फेरा, आणि फेऱ्याच्या वर केव्हर्नची टीप, जी लीथनं इतक्यांदा वाचली होती की आता ती तिला दिसायचीही बंद झाली होती: ‘क्रम बदलू नका. उत्तर बदलतं.’

उत्तर बदलतं. म्हणजे केव्हर्ननंही कधीतरी क्रम बदलून बघितला होता. उत्तर बदललेलं बघून त्याला धडकी भरली असणार, आणि मग त्यानं ओळखीच्या उत्तरालाच खरं मानून दारावर पाटी लावून टाकली. केव्हर्न असा नव्हता... केव्हर्न प्रत्येक गोष्टीला का विचारायचा, कॉफीच्या यंत्रालासुद्धा... की असाच होता, आणि त्या दिवशी त्याला घरी लवकर जायचं होतं? बाहेर दुपारचा समुद्री वारा सुटला होता. निलगिरीच्या साली काचेवर आपटत होत्या. ती टीप वाचून आपल्याला दरवेळी भीती वाटली, लीथच्या मनात आलं. शंका एकदाही आली नाही. सिओनेला पहिल्याच वाचनात आली असणार, आणि तरी तो इतके दिवस गप्प राहिला, माझ्या तोंडून ते निघेल म्हणून थांबला. तिला त्याचा राग आला. मग राग गेला आणि नुसती लाज उरली.

“नव्यात पाणी कमी येतं की जास्त?” तिनं विचारलं.

“जास्त. जुन्यात शेजाऱ्यानं आपलं पाणी आधीच पुढं देऊन टाकलेलं असतं, म्हणून पुढच्याला ते कमी दिसतं. या खाडीत फरक बोटभर आहे.”

“आणि अ‍ॅन्स्टीत?”

“तिथला किनारा सपाट आहे. चालवल्याशिवाय नाही सांगता येणार.”

बोटभर. सपाट जमिनीवर बोटभर पाणी किती लांब जातं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घरात बादली कलंडली की पाणी कपाटाखालून थेट दुसऱ्या खोलीत निघतं.

सिओने मग फार मऊपणानं बोलला. दोन मार्ग होते. क्रम सक्तीनं पाळायला लावता येईल. वेग थोडा जाईल, पण जुनंच उत्तर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत येईल, केंद्राची समिती खूश, मोसमाच्या आत प्रोग्राम नव्या यंत्रावर. नाहीतर नवं ठेवायचं, आणि मग जुळत का नाही ते सगळ्यांना सांगत बसायचं. त्यात मोसम हातचा जाऊही शकतो.

“तू काय करशील?”

“कोड तुझा आहे, लीथ.”

हे तो नेहमी म्हणायचा, आणि आजवर तिला ते आदराचं वाटायचं. तिनं माउसवर हात ठेवला आणि उचलला. सक्तीनं पाळलेला क्रम. एक ओळ. कुणाला कळणार होतं? रेघ आहे तिथंच राहील. गावात कुणी घाबरणार नाही, नगरपालिकेतून फोन येणार नाहीत, मेरिक सोमवारी काँक्रीट ओतेल आणि आई आपल्या गुलाबांच्या कुंड्या घेऊन तिथं राहायला येईल, लीथच्या रेघेच्या चांगली वर... आणि जुनं उत्तर काही अगदीच खोटं नव्हतं, इतकी वादळं गेली, पाणी कधी तिथवर आलेलं नाही... पण मोठं वादळ अजून आलंच कुठं होतं? तिला नुसती मान हलवायची होती. सिओनेनं काही विचारलंही नसतं.

“अ‍ॅन्स्टीचं वादळ लाव,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “नव्या पद्धतीनं.”

सिओनेनं तिच्याकडे एकवार बघितलं आणि काम रांगेत टाकलं. पुढं बरीच कामं होती. उत्तर उद्याच, त्यानं सांगितलं. आणि तो कॉफी आणायला निघून गेला. तिला एकटं ठेवायलाच गेला असावा.

तिनं मेरिकला फोन लावला. तो ट्रकमध्ये होता, रेडिओ मोठ्यानं लावलेला.

“सोमवारचं काँक्रीट थांबव,” ती म्हणाली.

“का गं? काय झालं?”

“पाणी किती वर येईल ते मला माहीत नाही.”

मेरिक हसला. मग त्यानं रेडिओ बंद केला. “असं कसं माहीत नाही? तुझीच तर रेघ आहे.”

“माहीत नाही, मेरिक,” तिनं पुन्हा सांगितलं. गाडी बाजूला घेतल्याचा, चाकाखाली खडी वाजल्याचा आवाज तेवढा आला. डोळ्यांपुढं तिला परस दिसत होतं, लाल माती, ताणलेली दोरी, आणि खालून येणारं पाणी. हे पाणी तिनं मनात हजारदा बघितलं होतं. दरवेळी ते यायचं आणि रेघेशी येऊन थांबायचं, आणि ते थांबलं की तिला झोप लागायची. आज ती बघत राहिली आणि पाणी थांबेना, आणि तिनं त्याला थांबवलंही नाही.