पासंग

बाबा वजनकाट्यावर चढले, पाय जुळवून ताठ उभे राहिले आणि काट्याकडे न बघता लेकीकडे बघून हसले. काटा पासष्टवर थांबला.

ती वाकून बघत राहिली. रविवारी घरच्या काट्यावर त्रेसष्ट होते. चार दिवसांत दोन किलो, तेही दोन घास खाऊन ताट सारणाऱ्या माणसाचे?

"उतरा. परत चढा बघू."

पुन्हा पासष्टच. मग ती स्वतः चढली. तिचं वजन नेहमीचंच भरलं, म्हणजे काट्यात काही खोट नव्हती. तिला काहीच उमगेना.

"दोन किलो जास्त होतायत," मास्तर कागदावरून मान वर न करता म्हणाले. मास्तर म्हणजे तिला विमान शिकवणारे. या क्लबात सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

विमान दोन माणसांचं, अगदी चिमुकलं. त्याचं स्वतःचं वजन, आत बसणारी दोघं आणि टाकीतलं पेट्रोल, सगळं मिळून ठरल्या आकड्याच्या आत राहायला हवं. त्याच्या वर जराही नाही. त्रेसष्ट धरून तिने हिशेब अगदी काठोकाठ बसवला होता.

"थोडं पेट्रोल काढलं तर?" तिने विचारलं.

"राखीव अर्ध्या तासाचं? पहिल्याच दिवशी काय शिकवलं होतं मी?"

नियम तिला पाठ होते. शिकाऊ माणसाने सोबत कुणाला न्यायचं नाही, हा तर बाबांनाही पाठ होता. दोन वर्षं ते कुंपणाजवळच्या बाकावर बसून तिची उड्डाणं बघत आले होते. ती पहिल्यांदा एकटी उडाली, तेव्हा शेजारची रिकामी जागा बघून म्हणाले होते, "ती जागा माझी. कुणाला देऊ नकोस." मधेच त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. वजन साठाच्या खाली गेलं तर परत भरती करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून दर रविवारी ती त्यांना काट्यावर उभं करायची. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. गेल्या आठवड्यात तिचा परवाना हातात आला, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं होतं.

"बाबा, कोट काढा. दोन नाही तर एक किलो तरी कमी होईल."

"थंडी वाजते."

"आत वारा लागत नाही."

"मग राहू दे. मी आपला खालूनच बघतो."

तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. दोन वर्षं ज्याने या एका फेरीसाठी डोकं खाल्लं, तो माणूस कोटापायी फेरी सोडतोय? घाबरले म्हणावं, तर सकाळपासून त्यांची घाई चालली होती. रुसले म्हणावं, तर कुणी काही बोललं नव्हतं. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळेना, आणि कळेना म्हणून ती चिडली. मास्तरांनी पेट्रोलचा कॅन उचलला आणि शहाण्यासारखे बाहेर विमानापाशी निघून गेले.

"काढा म्हणते ना," असं म्हणत तिने हट्टी मुलाचा काढावा तसा बाहीला धरून कोट ओढला. तो तिच्या हातातून निसटला आणि धाडकन फरशीवर पडला. कापड काही असं वाजत नाही.

तिने अस्तर चाचपलं. आतून कप्पे शिवलेले होते, वेड्यावाकड्या टाक्यांचे, आणि प्रत्येक कप्प्यात लोखंडी वजन. बाबांच्या धान्याच्या दुकानातली वजनं. मापात पाप नको म्हणत ज्यांच्यावर त्यांनी उभा जन्म प्रामाणिकपणे धान्य तोललं, तीच ही. दुकान विकलं तरी त्यांनी ती घरी ठेवून घेतली होती.

खूप काही विचारायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"आज दोन किलो वाढीव का?"

"वाटलं, विमानवाले दवाखान्यापेक्षा कडक असतील. कमी भरलो तर नेणार नाहीत."

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. यातलं खरं कुठलं, हे तिचं तिला ठरवता येईना.

"आणि घरी?"

बाबा कोटाकडे बघत राहिले. "मी परत खाटेवर पडलो असतो, तर तू उशाशी बसली असतीस. शिकण्यात मोठा खंड पडला की मागचं सगळं परत करावं लागतं, असं मास्तर म्हणाले होते. म्हणून जरा पासंग टाकला. हलकं पारडं सावरायला टाकतात, तेवढाच."

त्यांचं ते वाकून चालणं तिने आजारपणाच्या खाती टाकलं होतं. दर रविवारी तिनेच तर तो कोट त्यांच्या खांद्यांवर सारखा केला होता. काखेत कळसा होता आणि ती काट्यात खोट शोधत बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

बाबा न सांगता पुन्हा काट्यावर चढले. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती. या वेळी त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, काट्याकडे पाहिलं.

अठ्ठावन्न.

तिचं मन अजून कुठल्या कुठे होतं, पण सवयीने डोक्यातला हिशेब सुरूही झाला होता. रविवारच्या आकड्यापेक्षा पाच किलो कमी. पाच किलोंचं पेट्रोल किती, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ती दारात गेली.

"मास्तर, अजून सात लिटर घाला."

मास्तरांनी आधी तिच्याकडे, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं.

"सात लिटरात काय होतं?" बाबांनी मागून विचारलं.

"पंचवीस मिनिटं जास्त."

"बरंच की."

"उतरलो की सरळ दवाखान्यात जायचं, बाबा."

"सरळ?"

"सरळ."

बाबांनी कोट उचलला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. मग तिच्यापुढे होऊन विमानाकडे चालू लागले, आज कितीतरी दिवसांनी ताठ मानेने.

"मग वर गेल्यावर वळसा जरा लांबून घे," ते म्हणाले.