पट्टीवरचा शेंदूर

"काय नाही ते आधी लिही," असं ह्यांनी फोनवर अमिषाला सांगितलं. लेक पनवेलला असते, गाडीची जाहिरात तीच मोबाइलवर टाकणार होती. "बॉनेट नाही. डावा दरवाजा नाही. पुढचे दिवे नाहीत, मागची सीट नाही. गिअरबॉक्स आहे, पण सुटा, पोत्यात."

शेजारच्या गॅरेजचे इक्बालभाई ओटीवर चहा पीत होते. "वासुदेवभाऊ, आहे तेही लिवा कायतरी. न्हायतर लोक म्हणतील, भाऊ हवा विकतोय."

"इंजिन आहे, सांगाडा आहे," हे म्हणाले. "आणि हेही लिही, पुरी करून रस्त्यावर चालवील त्यालाच द्यायची. शोभेला नाही."

गाडी फ्रान्सची, देलाज नावाची, स्वातंत्र्याच्या आधीची. हे श्रीवर्धनच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते तेव्हा एका मुंबईकराच्या बंद बंगल्याच्या आवारात, चिंचेखाली मिळालेली. सत्तावीस वर्षं ती आमच्या वाडीत, सुपारीमागच्या शेडमध्ये उभी. रिटायर झालो की पुरी करीन, म्हणायचे. रिटायर झाले तोवर गुडघे गेले, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. यंदा दसरा झाल्यावर स्वतःच म्हणाले, "माझ्याच्यानं नाही व्हायची. पण कुणाच्या तरी हातून व्हायला हवी."

पहिला आला तो हरिहरेश्वरचा गणराज, रिसॉर्टवाला. "काका, लॉनवर ठेवू. इंजिनाच्या जागी फुलझाडं, लोक आत बसून फोटो काढतील. उद्या ट्रॉली आणतो." दुसरं कुणी आलंच नाही तर काय, म्हणून ह्यांनी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या संध्याकाळी भात चिवडत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून निकेत आला. जुन्या गाड्या उभ्या करायचा त्याचा धंदा. मार्गशीर्षातला गुरुवार होता, सकाळीच घट मांडून माझी पोथी वाचून झाली होती. तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि बराच वेळ आतून नुसतं "वा, वा" ऐकू येत राहिलं. ह्यांचा चेहरा उजळला.

मग त्यानं गाडीचं जुनं पुस्तक उघडलं. "काका, नंबरची पट्टी कुठाय? पुस्तकातला नंबर गाडीवरच्याशी जुळायला हवा. नाहीतर इकडचं तिकडचं जोडलेली गाडी धरतात. मग मी नाही घेऊ शकत."

ह्यांनी इंजिनामागच्या पत्र्यावर बॅटरी मारली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

गाडी आली त्या वर्षी, पहिल्या खंडेनवमीला मी विचारलं होतं, कुंकू लावू कुठं? ह्यांनी त्या पितळी पट्टीवर बोट ठेवलं होतं, "ही गाडीचा प्राण." प्राण म्हटल्यावर पूजा तिथंच, असं मी धरलं. आमच्याकडच्या दमट हवेत कुंकू टिकेना, म्हणून दुसऱ्या वर्षापासून खोबरेलात शेंदूर कालवून लावला. दर वर्षी एक थर. ह्यांनी कधी अडवलं नाही. आता तिथं नारळाच्या वाटीएवढा केशरी गोळा होता. अक्षर एकही दिसत नव्हतं.

"हे काय आहे?" निकेतनं विचारलं.

"वहिनींचं देवस्थान," इक्बालभाई म्हणाले.

कुणी हसलं नाही. मला गणराजच्या लॉनवरची फुलझाडं दिसायला लागली. माझ्याच हातांनी लावली असती ती.

निकेतनं पिशवीतून तारेचा ब्रश काढला. "घासून बघतो. पण अक्षरं बारीक कोरलेली असतात, जाण्याचीच भीती जास्त."

"थांब बाळा," मी म्हटलं. माझा आवाज लहान, त्याला ऐकूच गेला नाही. इक्बालभाईंनी त्याचं मनगट धरलं. "अरे, वहिनी कायतरी सांगतायत. वर्षातनं दोनदाच सांगतात, ऐकून घे."

माझे वडील गुरव होते, आमच्या गावच्या मारुतीचे. देवाच्या अंगावर शेंदूर फार चढला की ते कधी खरवडत नसत. कडेनं कोमट तेल मुरवायचं आणि वाट बघायची. कवच आपणहून सुटतं. मी वाटीभर तेल कोमट करून आणलं, कापसाची वात भिजवून गोळ्याच्या कडेकडेनं दाबत गेले. मग बाजूला बसून नाम घेत राहिले. निकेतनं दोनदा घड्याळ पाहिलं. हे खांबाला टेकून उभे होते, गुडघे दुखत असूनही बसले नाहीत.

दीडेक तासानं उलथन्याच्या लाकडी मुठीनं हलकेच टकटक केली. गोळा सबंध माझ्या ओंजळीत आला. खालची पट्टी कालच घासलेल्या पितळी तांब्यासारखी पिवळीधमक.

इक्बालभाई पट्टीवरचा एकेक आकडा वाचत गेले, निकेत पुस्तकात बोट सरकवत गेला. शेवटच्या आकड्याला त्यानं पुस्तक मिटलं. "जुळला काका."

हे तिथंच टायरवर बसले.

"ही शेजारची पट्टी बघा," निकेत म्हणाला. ती हिरवी पडली होती, खाऱ्या हवेनं अक्षरं पार खाऊन टाकलेली. "काकूंनी शेंदूर लावला नसता तर नंबरच्या पट्टीचंही असंच झालं असतं."

"भाऊ दर वर्षी ग्रीस लावायचे, ते गेलं वाहून," इक्बालभाई म्हणाले. "डेपोत वहिनींना घ्यायला हवं होतं."

व्यवहार ओटीवर पाच मिनिटांत झाला. ह्यांनी गणराजला फोन करून नाही म्हणून कळवलं. उतरलेलं कवच मी सूर्यास्ताआधी समुद्रात सोडून आले, कवच घरात ठेवत नाहीत. परत आले तर दोघं अंगणात पोतं उघडून बसलेले. गिअरबॉक्सचं प्रत्येक दातेरी चाक जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं, वर ह्यांच्या अक्षरात क्रमांक.

"यातलं काय कुठं बसतं, मला एकट्याला नाही उमगायचं," निकेत म्हणत होता. "आठ दिवस पुण्याला या. वाकायचं काम माझं. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं."

ह्यांनी एक चाक हातात फिरवत मला विचारलं, "पौष लागेल तोवर. चालेल?"

"लग्नाला नाही चालत," मी म्हटलं. "दुरुस्तीला काय होतंय?"

रात्रीच्या जेवणाआधीच त्यांची पिशवी भरून झाली. पाने-पक्कड, हातोडी, डोळ्यांचे थेंब. कपडे मी दुसऱ्या पिशवीत भरले.