आईच्या गालावरचे वण

आमच्या पाथरवटाची एक खोड होती. दगडात खळगा दिसला की याचे हात शिवशिवलेच! बंदरावरच्या जकात कचेरीच्या दर्शनी भिंतीत जाळं विणणाऱ्या बाईचा जुना दगडी चेहरा आहे. तो धुवायचं काम मिळालं, तर पठ्ठ्यानं काय करावं? गालांवरचे खळगे खाऱ्या वाऱ्यानं पडलेत असं परस्पर ठरवलं, चुन्यात दगडाची भुकटी कालवून बुजवले आणि गाल घासून गुळगुळीत केले. कुणाला विचारायचं नाव नाही. वर साहेबांनी पाठ थोपटली, मग काय, स्वारी खुशीत!

संध्याकाळी सासऱ्यांनी चहा पिता पिता विचारलं, "जावईबापू, आमच्या आईचे वण सांभाळलेत ना?"

"कसले वण?"

"लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्याचे हो. कचेरीवरचा चेहरा कोरताना मूर्तिकारानं तिलाच समोर बसवलं होतं. ती म्हणाली, वण तेवढे गाळा. तो कसला ऐकतोय! एकूण एक कोरले त्यानं."

म्हाताऱ्याकडे आईचा एक फोटोसुद्धा नव्हता. होता तो हा चेहरा.

"सांभाळले की," पाथरवट बोलून गेला.

आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोच्या नजरेला नजर देववेना. परांचीवर चढून त्यानं भरलेला चुना उकरला, पण घासण्यात मूळ दगडच गेला होता. वण पुन्हा कोरता आले असते, पण कुठे? ते सांगणारा माणूस एकच. चार दिवस टाळाटाळ करून शेवटी त्यानं सासऱ्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

म्हाताऱ्यानं चपला घातल्या, कचेरी गाठली आणि जावयाचा हात धरून धापा टाकत परांची चढला.

"पेन्सिल घ्या," तो म्हणाला. गालावर बोट टेकवलं. "इथे एक. त्याच्याखाली जोडीनं दोन. आणि इथे..."

बोट थांबलं. पुढे सरकलं, मागे आलं. म्हातारा गोंधळून जावयाकडे बघायला लागला.

"रोज वर बघत होतो ना," तो म्हणाला, "म्हणून कधी लक्षातच ठेवले नाहीत हो मी."