वरची दोन खाचरं

गेल्या वर्षी जेवता जेवता मित्सुएने, म्हणजे माझ्या बायकोने, निकाल देऊन टाकला. यापुढे मधमाश्यांनी आपला खर्च आपणच भागवायचा, घरातला एक येनही पेट्यांवर जाणार नाही. पुढच्या वर्षी शरदात मध कापल्यावर हिशेब जमला तर पेट्या राहतील, नाहीतर दोन्ही कुणाला तरी देऊन टाकायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाने बायकोपुढे काय बोलायचं? पेन्शन तिच्या हातात. मी मान डोलावली आणि सूप संपवलं.

तिचं चुकत होतं असंही नाही, पण हे म्हणायला माझ्या जिवावर येतं. पेट्यांचं लाकूड, गांधीलमाश्यांसाठी जाळ्या, किडीचं औषध, वसंतात नवा थवा भुलवायला महागडी ऑर्किडची कुंडी. आमच्या देशी माश्यांचा मध वर्षातून एकदाच कापायचा, तोही अर्धा त्यांच्यासाठी ठेवून. भाव चांगला येतो, पण आधी बाटल्या उरायला हव्यात ना. ज्यांच्या बांधावरची फुलं माझ्या माश्या चाखतात, त्यांच्या घरी एकेक बाटली पोचवायची, ही माझी रीत. त्यात अर्ध्याहून जास्त संपायच्या. बदल्यात मुळे यायचे, सुकवलेली पर्सिमनची फळं यायची. मित्सुए म्हणायची, मुळ्यांनी जाळ्यांचं बिल फिटत नाही.

म्हणून गेल्या शरदात एकही बाटली वाटली नाही. सगळ्या हमरस्त्यावरच्या दुकानात ठेवल्या आणि सगळ्या खपल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माश्यांचा हिशेब जमत आला होता. आता यंदाचा मध तेवढा नीट हाती लागायला हवा होता.

ऑगस्टमध्ये, भात फुलोऱ्यात आला असताना, एका सकाळी मी दात घासत होतो आणि खाचरांकडून ड्रोनची घरघर ऐकू आली. लोंबीतलं दूध शोषणाऱ्या ढेकण्यांवर शेजारचा इनोसे फवारा मारतो, तोच हा आवाज. उतारावरची सगळी खाचरं त्याची, आणि माझी मोठी पेटी त्याच्या सगळ्यात वरच्या खाचराच्या बांधावर, सुरूच्या सावलीत. दरवर्षी आदल्या संध्याकाळी त्याचा फोन यायचा, उद्या फवारतोय, माश्या कोंडून ठेवा. यंदा फोन वाजलाच नव्हता.

मी तसाच ओरडत निघालो. घरामागची पेटी बंद कर, ओलं गोणपाट टाक, पाणी घेऊन वर ये. मित्सुए गुडघ्याने अधू, तरी ती लगबगीने घरामागे गेली.

वर पोचलो तेव्हा ड्रोन तिसऱ्या खाचरावर होता. म्हणजे मधे फक्त दोन राहिली होती. पेटीच्या तोंडाशी माश्यांची ये-जा जोरात चालू होती, अर्ध्या तरी खाली भाताच्या फुलांवर गेलेल्या असणार. आता तोंड बंद केलं तर बाहेरच्या बाहेरच मरतील. नाही केलं तर त्या विष घेऊन आत शिरतील आणि राणीसकट सगळं पोळं संपेल. विचार करायला वेळच नव्हता. मी पाटाच्या पाण्यात फडकं भिजवून फटीत कोंबलं.

परत आलेल्या माश्या फडक्यावर बसू लागल्या. आधी चार-पाच, मग मुठीएवढा पुंजका. पायांना पिवळे परागकण, आणि घराचं दार बंद. काही जणी वळवळत खाली पडल्या आणि उलट्या होऊन फिरत राहिल्या. मी हाताने फडकं दाबून धरलं होतं आणि रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. वीस वर्षं मी दारोदार पत्रं पोचवली, आपल्याच घरी आलेल्यांना दाराबाहेर ठेवायची वेळ कधी आली नव्हती.

त्यात ऊन चढायला लागलं. कोंडलेली पेटी तापली की मेण मऊ होऊन पोळी खाली गळतात, मग माश्या आपल्याच मधात बुडतात. मित्सुए धापा टाकत बादली घेऊन आली आणि पेटीवर गोणपाट टाकून ओंजळीने पाणी ओतायला लागली. ड्रोन चौथ्या खाचराच्या कडेला वळला. वारा आमच्याच बाजूला होता. ही दोन खाचरं फवारली की विष तळाच्या जाळीतून थेट आत जाणार होतं, फडकं असो की नसो.

मी बांधावरून हात हलवत खाली हाका मारल्या. ड्रोन हवेत थांबला, आणि इनोसे टोपी काढत वर आला. पेटी पाहून त्याचा चेहरा उतरला. तो कमरेत इतका वाकला की मला त्याचं फक्त टक्कल दिसत होतं.

"कुवाबारा-सान, मला वाटलं तुम्ही माश्या सोडल्या. गेल्या वर्षी बाटली आली नाही."

"मग विचारायचं ना!" मी भडकलो.

"कसं विचारणार? माश्या आहेत का म्हटलं असतं, तर बाटली मागितल्यासारखं झालं असतं."

मी मित्सुएकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून नको ते गेलं असतं. दोन वाक्यं अगदी जिभेवर होती. ती बादलीत हात घालून तशीच उभी होती आणि तिची मान खाली होती.

इनोसे म्हणाला, जे नुकसान झालं असेल ते सांगा, मी आजच भरून देतो. माझं मन लगेच हिशेबाला लागलं, खोटं कशाला बोलू. त्या पैशांत यंदाचा खर्च सुटला असता आणि पेट्या घरात राहिल्या असत्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण मित्सुए आधी बोलली.

"पैसे नकोत. वरची ही दोन खाचरं फवारू नका."

इनोसेने मान चोळली. ढेकण्या लागलेला तांदूळ डागी निघतो, सोसायटी त्याला खालची प्रत लावते, भाव पडतो. तो काही हौस म्हणून भात लावत नाही, वर्षाचं पोट आहे त्याचं. हे त्याने फार हळू आवाजात सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं. खाली ड्रोनवाला पोरगा घड्याळ बघत होता.

"दोन्ही खाचरांचा तांदूळ आम्ही घेतो," मित्सुए म्हणाली. "डागासकट. चांगल्याच्या भावाने."

इनोसेने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडेच बघत होतो, कारण दुकानात मुळा उलटापालटा करून दहा येन कमी करून घेणारी बाई ती हीच. मग तो पुन्हा वाकला आणि खाली जाऊन पोराला हातानेच थांब म्हणाला. घरघर बंद झाली.

संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने पाणी ओतलं. ती खाली जायची, भरून आणायची, मी ओतायचो. जेवायला कुणी गेलं नाही. फडक्यावरचा पुंजका दुपारी गळून पडला, तो मी झाडाच्या बुंध्याशी सारला.

ऊन उतरल्यावर मी पेटीला कान लावला. आधी काहीच नाही. मी कान आणखी दाबून धरला. मग आतून गुणगुण आली, बारीक, पण एकसारखी. राणी मेलेली पेटी अशी गुणगुणत नाही. मी मित्सुएला खूण केली. ती गुडघा धरून बसली, तिने कान लावला आणि डोळे मिटून घेतले.

मग मी फडकं काढलं. दोन माश्या बाहेर आल्या आणि आतली मेलेली तिसरी ओढून फळीच्या कडेपर्यंत नेऊ लागल्या.

"मध आणणाऱ्या बाहेरच मेल्या, यंदा कुठल्याच पेटीतून कापता येणार नाही," मी म्हणालो. "जो आहे तो त्यांनाच हिवाळ्यात पुरणार नाही. हिशेब बुडाला."

"दिसतंय मला."

"आणि वर दोन खाचरांचा तांदूळ. तो कुणाच्या खर्चात धरायचा? माश्यांच्या?"

तिने पदरासारखा गळ्यातला टॉवेल तोंडावर फिरवला. डोळे लाल होते.

"घराच्या," ती म्हणाली. "भात काय माश्या खाणार आहेत?"