पोरगा गॅसवर हाय

निमोण्याच्या हनुमंताचं दौंडच्या हर्षदाशी लग्न ठरलं, आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद सासऱ्याला झाला. पण हे आपल्याला कळलंच नाही असं धरून चालू. साल दोन हजार चार, रविवारची सकाळ, हनुमंताच्या रजेचे चार दिवस उरलेत आणि तो रेल्वे कॉलनीत हर्षदाच्या वडिलांच्या, बापूसाहेबांच्या दारात बूट काढतोय.

दारात आधीच अकरा जोड चपला होत्या. आत अकरा बाया, प्रत्येकीच्या हातात गॅसचं कार्ड.

"मामा, हे काय?"

"मी येवढंच बोललो, पोरगा गॅसवर हाय," मध्यस्थ रखमाजीमामा म्हणाले. "खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. हनुमंत कतारहून गुजरातला गॅस आणणाऱ्या जहाजावर इंजिनीअर होता.

"दादा, माझा नंबर कवा लागंल?" पहिल्या बाईनं कार्ड पुढं केलं.

"मावशी, सिलिंडर नसतो आमच्याकडं. चार टाक्या असतात, एकेक तुमच्या चाळीएवढी."

"मंग त्यातली अर्धीच द्या. मी काय मोजून घेणार हाय?"

हनुमंताला बायांची चिंता नव्हती. चिंता कोपऱ्यातल्या खुर्चीची होती. बापूसाहेबांचा जन्म वाफेच्या इंजिनावर गेला होता. ती इंजिनं भंगारात गेल्यापासून ते डिझेलवाल्यांशी बोलत नसत. हर्षदाला आलेली दोन स्थळं डिझेल शेडमधली निघाली, तर त्यांना चहासुद्धा उभ्यानंच पाजला होता. आणि हनुमंताला हर्षदाच हवी होती. भांडगावच्या लग्नात जिलबी वाढताना ती म्हणाली होती, "नको असंल तर हात आडवा करा, भोंगा वाजवू नका." तेव्हापासून त्याला दुसरी मुलगी दिसलीच नाही. जहाजावर दिसणार तरी कुठं?

"येवढा गॅस मावतो कसा?" रखमाजीमामांनी विषय काढून दिला.

"गार करून. उणे एकशे बासष्टला त्याचं पाणी होतं. म्हंजी सहाशे मेंढरं एका मेंढराच्या जागेत उभी करायची."

"आन् वरडत न्हाईत?"

"गारठल्यावर कोण वरडतंय?"

बापूसाहेबांनी पेपर खाली केला. "जहाज कशावर चालतं? डिझेलवर?"

खोलीत अकरा कार्डं हलायची थांबली. तेवढ्यात आतून जळका वास आला.

"हर्षदे, दूध!" तिची आई वच्छलाबाई ओरडल्या.

"गेलं उतू!" आतून हर्षदा म्हणाली. "चांगलं असतंय म्हणे."

"असंच!" हनुमंत उठूनच उभा राहिला. "टाक्या कितीबी गार ठेवा, गॅस थोडा थोडा उतू जातोच. तो आम्ही वाया घालवत न्हाई. बॉयलरला देतो."

"कशाला?"

"बॉयलरला. त्याची वाफ करतो. वाफेवर जहाज चालतं."

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वाफ?"

"वाफ."

"आज? दोन हजार चार साली?"

"व्हय."

"दाब किती?"

"साठ किलो."

"आमचा साडेचौदा असायचा," बापूसाहेब हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "अहो ऐकलं का! मला म्हणत होते वाफेचा जमाना संपला! नुसता पाण्यावर गेलाय तो!"

"पण स्थळ पसंत हाय का?" रखमाजीमामा.

"तिला विचारा. माझा सिग्नल पडला, गाडी सोडा."

हर्षदा चहा घेऊन आली. "डिझेलचा वास येत न्हाई ना? मंग चालंल. पण घरातलं दूध यांनीच बघायचं, अनुभव हाय."

अकरा बायांनी कार्डांवरच टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकीनं साखरपुड्याआधी आपला नंबर लावून घेतला.

बुधवारी गाडीत बसवताना बापूसाहेबांनी जावयाच्या हाती लिफाफा दिला:

"मा. कॅप्टनसाहेब यांचे सेवेशी.
विषय: जहाज दाखविणेबाबत.
महोदय, मी वाफेचा सेवानिवृत्त ड्रायव्हर असून आपले जहाज बॉयलरसह पाहू इच्छितो. तरी सदर जहाज लग्नाचे दिवशी दौंड जंक्शन येथे एक तास थांबा देऊन उभे करण्यात यावे. भीमा नदीस पाणी कमी असल्यास उजनीचे पाणी उलटे सोडणेबाबत आपल्या स्तरावरून संबंधितांस कळवावे. अक्षता पडताच भोंगा एकदाच वाजवावा, ही नम्र विनंती."